सुपरहिरोपटांचे पुढचे भाग नेमके कुठे फसतात?

लालबागचा प्रेक्षक

सुपरहिरोपटांचे पुढचे भाग का फसतात असे विचारले की ‘खलनायक फार झाले’ आणि ‘व्हीएफएक्स (संगणकावर केलेले दृश्यपरिणाम) कच्चे होते’ ही दोन कारणे आपल्याकडे इतक्या सहजपणे पुढे केली जातात की चर्चा त्यापलीकडे सरकतच नाही. मला ही दोन्ही कारणे अपुरी वाटतात. बॅटमॅनच्या ‘द डार्क नाइट’मध्ये (२००८) जोकर आणि टू-फेस हे खलनायक आहेत, शहरातले माफिया आहेत आणि त्यांचा पैसा घेऊन हाँगकाँगला पळालेला एक लबाड व्यापारीही आहे, तरीही त्या चित्रपटात गर्दी झाल्याची तक्रार मी फारशी ऐकलेली नाही.

माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. पहिला भाग नायकाकडून काहीतरी कायमचे हिरावून घेतो आणि म्हणूनच तो आपल्या मनात राहतो. फसलेला पुढचा भाग ते हिरावलेले गुपचूप परत करून टाकतो. सॅम रायमी यांची स्पायडर-मॅन त्रयी पाहा. पहिल्या भागात (२००२) कुस्तीच्या आयोजकाने पैशांत फसवले म्हणून चिडलेला पीटर पार्कर, म्हणजेच स्पायडर-मॅन, त्याच आयोजकाला लुटून पळणाऱ्या चोराला खुशाल जाऊ देतो, आणि त्याच रात्री बेनकाका मारले जातात. दुसऱ्या भागात (२००४) टेबलाशी बसून तो मेकाकूंना हे सगळे सांगतो, तेव्हा त्या त्याच्या हातातून आपला हात काढून घेतात आणि एक शब्दही न बोलता जिना चढून वर निघून जातात. पीटरच्या अपराधाचे वजन मला त्या काढून घेतलेल्या हाताने जितके जाणवले, तितके आगगाडीवरच्या त्या गाजलेल्या मारामारीनेही जाणवले नाही. आणि मग तिसऱ्या भागात (२००७) पोलीस ठाण्यात कॅप्टन स्टेसी त्या दोघांना सांगतात की खरा खुनी फ्लिंट मार्को नावाचा दुसराच माणूस होता. दोन चित्रपटांनी जमवलेला अपराधभाव एका चौकशीच्या प्रसंगात सैल पडतो, आणि त्यानंतर व्हेनम हा नवा खलनायक आला काय नि न आला काय, मला फरक पडेनासा झाला.

प्रश्न असा की हे पटकथाकारांचे अपयश मानावे, की मालिका चालू ठेवण्याच्या व्यवहारातच ते अटळ आहे? आमच्या पार्ल्याच्या चित्रपट-मंडळात पुढच्या महिन्यात या विषयावर बोलायचे आहे, त्यामुळे माझे म्हणणे खोडून काढणारी उदाहरणे मिळाली तर अधिक उपयोग होईल.

अनुजा, मुलुंड

तुमच्या म्हणण्याला सर्वांत सोयीचे उदाहरण ‘वंडर वुमन १९८४’चे (२०२०) आहे, पण ते वाटते तितके सरळ नाही. पहिल्या भागात (२०१७) विषारी वायूने भरलेले विमान हवेतच उडवून देऊन तिचा प्रियकर स्टीव्ह ट्रेव्हर मरतो आणि डायना, म्हणजे वंडर वुमन, पुढची कित्येक दशके त्याच्याशिवाय काढते. पुढच्या भागात इच्छापूर्ती करणाऱ्या एका दगडामुळे तो परत येतो. इथपर्यंत तुमचा नियम लागू पडतो. परंतु हा चित्रपट स्वतःच किमतीविषयी बोलतो: इच्छा पुरी झाली की त्याबदल्यात काहीतरी जाते, डायनाची शक्ती ओसरू लागते आणि शेवटी तिला स्टीव्हला दुसऱ्यांदा निरोप द्यावा लागतो. म्हणजे कागदावर सगळा हिशेब चोख आहे.

खटकते ते निराळेच. स्टीव्ह परत येतो तो एका अनोळखी, जिवंत माणसाच्या शरीरात. त्या माणसाचे घर आहे, कपाटात त्याचे कपडे आहेत, आणि ते एकामागून एक घालून पाहण्याचा विनोदी प्रसंगही आहे. त्याच्या संमतीचे काय, हा प्रश्न मात्र न्यायाची मूर्ती असलेल्या डायनाच्या मनात एकदाही येत नाही. खरी किंमत त्या माणसाने मोजली, आणि चित्रपटाने त्याला नाव देण्याचीही तसदी घेतली नाही. आपल्याकडे हा चित्रपट अमेरिकेच्या एक दिवस आधी, २४ डिसेंबरला लागला होता. चित्रपटगृहे निम्म्या आसनक्षमतेने नुकतीच उघडली होती, मास्क लावून बसलेले आम्ही सगळे कशावरही खूश व्हायला तयार होतो, आणि तरीही मध्यंतरात माझ्या बहिणीने पहिला प्रश्न विचारला तो त्या माणसाविषयीच.

तेव्हा परत करणे हा दोष म्हणण्यापेक्षा, त्याचे बिल कोणाच्या नावावर फाडले हे लपवणे हा दोष म्हणावा, असे मला वाटते.

जुना गिरगावकर

आपण फार सूक्ष्मात शिरला आहात. मी १९७८चा ‘सुपरमॅन’ ज्या वयात पाहिला त्या वयात असले काही कळत नव्हते, पण आज तुमची कसोटी लावायची तर तो पहिलाच भाग नापास होतो. सुपरमॅनची प्रेयसी लोइस लेन भूकंपात मरते आणि सुपरमॅन पृथ्वीभोवती फिरून काळच मागे नेतो. परत करण्याचा याहून उघड प्रकार कोणता? गंमत अशी की हा शेवट मुळात दुसऱ्या भागासाठी योजलेला होता आणि तो उचलून पहिल्याला लावला. तरीही तो चित्रपट टिकला, कारण नायकाचे काम करणाऱ्या क्रिस्टोफर रीव्ह यांनी क्लार्क (सुपरमॅनचे रोजचे, सामान्य माणसाचे रूप) आणि सुपरमॅन ही दोन माणसे निव्वळ खांदे, मान आणि आवाज बदलून वेगळी केली होती.

चौथा भाग (१९८७) पडला तो पैशांमुळे. कॅनन या निर्मिती कंपनीने सुमारे ३ कोटी ६० लाख डॉलरचा अंदाज १ कोटी ७० लाखांवर आणला. न्यूयॉर्कमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीचे प्रसंग इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स इथे चित्रित करावे लागले, आणि सुपरमॅनचे कॅमेऱ्याकडे झेपावणारे एकच उड्डाण पार्श्वभूमी बदलून पुनःपुन्हा वापरले गेले. अण्वस्त्रबंदीची कल्पना रीव्ह यांनी मनापासून मांडली होती, पण पडद्यावर दारिद्र्य दिसू लागले की कल्पना कितीही थोर असो, प्रेक्षक उठून जातो.

आणि स्पायडर-मॅनविषयी एक दुरुस्ती. तिसऱ्या भागाच्या शेवटी मार्को सांगतो की त्याचा साथीदार पैसे घेऊन धावत आला, त्याचा हात लागला आणि गोळी सुटली. तो साथीदार म्हणजे पीटरने जाऊ दिलेला चोरच. अपराध पुसलेला नाही, फक्त एक पायरी मागे सरकला आहे.

कंपोझिटर_गोरेगाव

मी गोरेगावच्या एका स्टुडिओत कंपोझिटिंग, म्हणजे वेगवेगळे चित्रस्तर एकत्र जुळवून अंतिम दृश्य तयार करण्याचे काम, करतो. कोणत्या चित्रपटांवर काम केले हे करारामुळे सांगता येत नाही, परंतु धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नातल्या ‘व्यवहार’ या भागाविषयी आतून काही सांगता येईल.

‘व्हीएफएक्स कच्चे होते’ असे लोक म्हणतात तेव्हा त्यांना कारागिरी कमी पडल्याचे वाटते. बहुतेक वेळा कमी पडतो तो निर्णय. पुढच्या भागाची तारीख पटकथा पक्की होण्यापूर्वीच जाहीर झालेली असते, आणि शेवटची वीस-पंचवीस मिनिटे जवळपास पूर्णपणे संगणकावर घडणार असल्यामुळे ‘ते नंतर ठरवू’ असे म्हणण्याची सोय निर्मात्यांना मिळते. आमच्याकडे रोटो (आकृती कापून वेगळी करणे) आणि पेंट (नको ते पुसणे) होऊन शॉट कंपोझिटिंगला येतो, आम्ही प्रकाश आणि धूर जुळवून व्हर्जन पाठवतो, आणि एका सकाळी कळते की त्या प्रसंगात खलनायक आता मरत नाही. मग नवे अॅनिमेशन, नवा धूर आणि तारीख मात्र तीच. प्रदर्शनाच्या तारखाच हलल्या तर काय होते हे उघड माहितीवरूनही दिसते: २०२२ मध्ये मार्व्हल कंपनीच्या ‘द मार्व्हल्स’ आणि ‘क्वांटमेनिया’ या चित्रपटांच्या तारखांची अदलाबदल झाली आणि जुलै २०२३ मध्ये यायचा असलेला ‘क्वांटमेनिया’ फेब्रुवारीत आला. तो पडद्यावर किती कच्चा दिसला हे सर्वांना आठवत असेल.

याचा तुमच्या मुद्द्याशी संबंध असा की कायमचे नुकसान लवकर ठरवावे लागते. नायकाचा हात तुटला किंवा डोळा गेला तर पुढच्या प्रत्येक शॉटमध्ये ते नुकसान कोणीतरी मेकअपने किंवा संगणकावर बसून घडवायचे असते, आणि त्याचा खर्च प्रत्येक शॉटच्या दरात चढतो. ‘रॅग्नारॉक’मध्ये (२०१७) थॉरचा डोळा जातो, पुढच्याच वर्षी ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये रॉकेट नावाचे पात्र खिशातून काढावा तसा त्याला नवा डोळा देतो. ते खर्चासाठी केले असा माझा दावा नाही, पण तो प्रसंग पाहताना आमच्या खोलीत हशा पिकला होता, आणि तो विनोदाला आलेला हशा नव्हता.

चारकोपची वाचक

हॉलिवुडपर्यंत जाण्याची गरज नाही. ‘क्रिश’मध्ये (२००६) सिंगापुरात ग्रेट बॉम्बे सर्कसला आग लागते, नायक कृष्णा तुटका मुखवटा लावून ‘क्रिश’ बनतो, मुलांना वाचवतो आणि पुढे बहिणीच्या उपचारासाठी पैसे हवे असलेल्या क्रिस्टियनला आपले श्रेय देऊन टाकतो. क्रिस्टियनलाच क्रिश समजून खलनायक डॉ. आर्य त्याला ठार मारतो. हिंदी चित्रपटात अशी किंमत क्वचितच मागितली जाते: नायकाच्या औदार्याने एका भल्या माणसाचा जीव गेला. २०१३च्या दिवाळीत आलेल्या ‘क्रिश ३’मध्ये मात्र जो कोणी दुसऱ्याला मदत करतो तो प्रत्येक जण क्रिश आहे, असा संदेश मुंबईभर दिला जातो. ज्या कथेत ‘मीही क्रिश’ असण्यामुळे एक माणूस मेला, त्या कथेच्या पुढच्या भागात हा संदेश देताना त्या मृत्यूची सावलीसुद्धा पडत नाही. त्याउलट नायक स्वतः मरतो आणि वडिलांच्या बलिदानाने दोन-तीन प्रसंगांत उठून उभा राहतो.

हे विसरणे मला सोयीचे वाटते, कारण पुढचा भाग नेहमी अधिक मोठ्या गर्दीसाठी काढला जातो. ‘स्पायडर-मॅन ३’ भारतात हिंदी, तमिळ, तेलुगूबरोबर भोजपुरीतही डब होऊन आला होता. ज्यांनी पहिले दोन भाग पाहिलेलेच नाहीत अशा हजारो लोकांना तिकीट विकायचे असेल, तर मागची थकबाकी जितकी कमी आठवावी लागेल तितके बरे.

लालबागचा प्रेक्षक

सर्वांचे आभार. गिरगावकर काका, मार्कोचा साथीदार तोच चोर होता हे खरे, पण चित्रपट तो धागा पीटरच्या मनात ओढतच नाही. पीटर मार्कोला क्षमा करतो आणि स्वतःविषयी काही बोलत नाही. पैशांचा मुद्दा सुपरमॅनच्या चौथ्या भागाला लागू पडतो. स्पायडर-मॅनच्या तिसऱ्या भागावर मात्र सुमारे २५ कोटी डॉलर खर्च झाले होते, तिथे दारिद्र्य शोधूनही सापडणार नाही.

अनुजाताईंचे म्हणणे मला पटते, आणि त्याला बळ देणारे उदाहरण कॅप्टन अमेरिका मालिकेतल्या ‘द विंटर सोल्जर’चे (२०१४) आहे. पहिल्या भागात आगगाडीतून दरीत कोसळलेला नायकाचा मित्र बकी इथे जिवंत सापडतो, म्हणजे वरवर पाहता हिरावलेले परत मिळाले. परंतु तो परत येतो तो मारेकरी होऊन, कॅप्टन अमेरिका म्हणजेच स्टीव्ह रॉजर्सला ओळखतही नाही, आणि शेवटच्या मारामारीत स्टीव्ह ढाल खाली टाकून त्याचे ठोसे खात राहतो. मित्र गमावण्यापेक्षा तो असा मिळणे अधिक महाग पडले. उलट ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन २’मध्ये (२०१४) पीटरची प्रेयसी ग्वेन मरते आणि मेलेलीच राहते, तरीही चित्रपट निराश करतो, कारण तिच्या थडग्याशी ऋतू पालटताना दाखवून काही मिनिटांतच पीटरला ऱ्हायनो या खलनायकासमोर उभे केले जाते. नुकसान पक्के होते, पण ते सोसायला त्याला वेळच दिला नाही.

जुना गिरगावकर

मग ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’चे (२०२४) काय करता? ‘लोगन’मध्ये (२०१७) इतक्या गांभीर्याने पुरलेला लोगन, म्हणजे वुल्व्हरिन, सुरुवातीलाच उकरून काढला, त्याच्या हाडांनी मारामारी केली, आणि जगभरात १३० कोटी डॉलरहून अधिक कमाई झाली. माझा नातू आणि त्याचे मित्र खुर्चीत उभे राहून ओरडत होते. त्यांना काहीही परत केल्याचा राग आलेला नव्हता.

अनुजा, मुलुंड

काका, तो लोगन मेलेलाच राहतो. येतो तो दुसऱ्या विश्वातला, आणि तोही आपल्या सोबत्यांना वाचवू न शकलेला. परंतु नातवाचे ओरडणे हा या चर्चेतला सर्वांत अवघड पुरावा आहे हे मान्य करावे लागेल. मंडळाच्या बैठकीला त्यालाही घेऊन या.