मेट-कारच्या शिखरामागे शेपूट का येतं?

प्रश्न: ८ टायटॅनियम, १२ कार्बन अणूंचा मेट-कार (धातू-कार्बनचा पिंजऱ्यासारखा क्लस्टर, म्हणजे अणूंचा लहान पुंजका) ५३२ नॅनोमीटर लेझरने तापवतोय. टाइम-ऑफ-फ्लाइटमध्ये (आयनांच्या उड्डाणाच्या वेळेवरून वस्तुमान मोजणारं यंत्र) ५२८ वस्तुमानाच्या शिखरामागे जड बाजूला लांब शेपूट येतं. डिटेक्टर बिघडलाय का?

उत्तर १: साध्या रेणूच्या शिखरालाही शेपूट असेल तर डिटेक्टर तपासा. फक्त क्लस्टरला असेल तर ते उशिराचं आयनीभवन: लेझरनंतर उशिरा बनलेला आयन उशिरा पोचतो, म्हणून जड दिसतो. क्लस्टरमधून अणू तुटून निघण्यापेक्षा इलेक्ट्रॉन सोडणं स्वस्त, सुमारे ४.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट. ऊर्जा कंपनांत फिरत राहते आणि तापल्या तारेतून सुटावा तसा इलेक्ट्रॉन मायक्रोसेकंदांनी सुटतो.

उत्तर २: खात्रीसाठी तात्काळ बनलेले आयन विद्युतक्षेत्राने आधी बाजूला काढा, ओढणारा पल्स १ मायक्रोसेकंदाने द्या. उरेल तो सिग्नल उशिराचाच. त्यावर एकच घातांकी (एकाच ठरावीक दराने घटणारा) वक्र बसवू नका, प्रत्येक क्लस्टरची ऊर्जा वेगळी असते. आणि ४८ चं (टायटॅनियम आयनाचं) शेपूट टाकून देऊ नका! तापलेले क्लस्टर धातूचा आयनही उशिरा सोडतात.