पहिलं मॉडर्न हॉटेल बांधणारा आयझाया रॉजर्स, याच्या प्लॅनबद्दल कोणी सांगेल का?

सातारचा_ड्राफ्ट्समन:
नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात एका आर्किटेक्टकडे ड्राफ्टिंग करतो. सध्या एसटी स्टँडच्या बाजूचं एक जुनं लॉज पाडून नवीन बांधायचं काम आलंय. प्लॉट असा वाकडातिकडा की एकही कोपरा काटकोनात नाही आणि मालकांचं एकच पालुपद, रूम वाढवा. जुन्या हॉटेलांचे प्लॅन बघता बघता आयझाया रॉजर्स हे नाव सापडलं, बॉस्टनचं ट्रेमॉन्ट हाऊस, १८२९. सगळीकडे तेच तेच लिहिलंय, रूमला कुलूप, फुकट साबण, इमारतीच्या आत संडास. पण हा माणूस कोण, कुठं शिकला, प्लॅनमधे नेमकं काय केलं हे धड कुठं मिळंना. डिप्लोमाला तर नावसुद्धा ऐकलं नव्हतं.

जुनीवास्तू_वाई:
भावा, भारी माणूस शोधलास. रॉजर्स १८०० चा, मॅसॅच्युसेट्समधल्या मार्शफील्ड गावचा, वडील जहाजं बांधायचे. अमेरिकेत तेव्हा आर्किटेक्चरचं कॉलेजच नव्हतं त्यामुळं हा पोरवयातच बॉस्टनला एका सुताराच्या हाताखाली लागला, नंतर सॉलोमन विलार्डच्या ऑफिसात काही वर्षं काढली. विलार्ड म्हणजे बंकर हिलचा स्मारकस्तंभ उभारणारा, क्विन्सीच्या खाणीतल्या ग्रॅनाइटचा जाणकार. ट्रेमॉन्टच्या दर्शनी बाजूला तोच ग्रॅनाइट होता. हॉटेल उघडलं तेव्हा रॉजर्स २९ वर्षांचा.

साबण-कुलपाचं सगळे सांगतात पण माझ्या मते खरं काम प्लॅनमधे आहे. त्याआधीच्या खानावळवजा मुक्कामाच्या जागी प्रवासी आत शिरला की थेट दारूच्या बारमधेच, तिथंच नाव सांगायचं, तिथंच पैसे द्यायचे आणि रात्री बऱ्याचदा अनोळखी माणसाच्या शेजारी पडायचं. ह्यानं खांबांच्या पोर्चमधून आत आल्यावर एक गोल दालन दिलं, त्याला लागून ऑफिस, आणि तिथून बैठकीच्या खोल्या, जेवणाचा हॉल, रूमचे विंग फुटतात. आज आपण ज्याला लॉबी आणि रिसेप्शन म्हणतो ते हेच. आणि तुझ्या कामाची गोष्ट म्हणजे तोही प्लॉट चौकोनी नव्हता. वाकडेपणा त्यानं गोल दालनात जिरवला, विंग कुठल्याही अँगलला जावो, आतल्या माणसाला पत्ता लागत नाही. असं करून १७० रूम बसवल्या, आणि एकट्यासाठी वेगळी रूम मिळू लागली जिला स्वतःची किल्ली.

नळवाला_कोडोली:
मी प्लंबिंगची कामं घेतो म्हणून पाण्याचं सांगतो. बॉस्टन शहराला कोचिच्युएट तलावाचं पाणी १८४८ ला आलं, म्हणजे हे हॉटेल त्याच्या १९ वर्षं आधीचं. आपल्याकडे कासचं पाणी उतारानं साताऱ्यात येतं तशी सोय तिथं नव्हती. वाफेच्या पंपानं पाणी वर टाकीत चढवलं आणि तिथून खाली सोडलं. आता बघा त्यानं काय केलं, आठ संडास, सगळे तळमजल्यावर एकाच ठिकाणी, मधल्या चौकाच्या मागच्या अंगाला, आणि चौकातून रूमच्या विंगकडं, जेवणाच्या हॉलकडं काचेचे बंदिस्त पॅसेज. अंघोळीची सोय बेसमेंटला, थंड पाणी. म्हणजे ओलं सगळं एका जागी, पाईप कमी, लीकेज झालं तर लगेच सापडणार. ड्राफ्ट्समनभाऊ, मालकांना प्रत्येक रूमला टॉयलेट लागणारच, पण डक्ट, म्हणजे पाईप जायची उभी पोकळी, दोन दोन रूमच्या मधे एकावर एक घ्या आणि आत माणूस उभा राहील एवढी जागा सोडा. अर्ध्या फुटाची डक्ट दाखवतात आणि पुढं पाईप फुटला की भिंत फोडायला आम्हाला बोलावतात, फार वाईट वाटतं हो.

सांगलीकर_मॅनेजर:
मी सांगलीत लॉजचं काउंटर बघते. गोल दालनाचा मुद्दा एकदम पटला. येणारा जाणारा प्रत्येक माणूस काउंटरवरून दिसला पाहिजे, बाया-पोरींना एकटं राहायला भीती वाटत नाही. जिना काउंटरच्या पाठीमागं ठेवू नका दादा, एवढं ऐका.

सातारचा_ड्राफ्ट्समन:
ताई, नळवाले दादा, मनापासून आभार, जिना आजच हलवतो. रॉजर्सनं नंतर काय केलं? त्याचं काही उभं आहे का अजून?

जुनीवास्तू_वाई:
ट्रेमॉन्ट १८९५ च्या सुमारास पाडलं. पण त्याचे प्लॅन आणि ड्रॉइंग १८३० लाच पुस्तकरूपात छापले गेले होते, त्यामुळं पुढची कित्येक वर्षं लोक त्यावरून हॉटेलं बांधत राहिले. त्याला स्वतःलाही कामं मिळत गेली, न्यूयॉर्कचं ॲस्टर हाऊस १८३६, सिनसिनाटीचं बर्नेट हाऊस १८५०, दोन्ही आता नाहीत. मेन राज्यातलं बँगॉर हाऊस मात्र उभं आहे, १८३४ चं, आता त्यात राहायचे फ्लॅट आहेत. न्यूयॉर्कला ५५ वॉल स्ट्रीट नावाच्या इमारतीचे खालचे मजले त्याचेच, क्विन्सी ग्रॅनाइटचे १२ खांब, प्रत्येक खांब अखंड दगडाचा, ते फोटो नक्की बघ. १८६९ ला रॉजर्स सिनसिनाटीत वारला.

आणि जाता जाता आपल्याकडचं एक नाव लिहून ठेव. मुंबईचं ताजमहाल हॉटेल, १९०३. डिझाइन रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचं, पूर्ण केलं डब्ल्यू. ए. चेंबर्सनी. रोज हजारो लोक त्या घुमटासमोर फोटो काढतात आणि वैद्यांचं नाव शंभरात एकालाही माहीत नसतं, याचं मला खरंच दुःख होतं. तुझा प्लॅन झाला की इथं टाक, पोर्चपासून जिन्यापर्यंतचा भाग आधी बघू.