जुगारावरचा पाठ उलटा पडला. काय बदलू?

वजाबाकी

नमस्कार. मी १९ वर्षं गणित शिकवते, सध्या नववीला. आम्ही चार शिक्षक मिळून एकच पाठ बांधतोय: मी आणि आणखी एक गणिताचे सर, भाषेच्या बाई आणि विज्ञानाचे सर. पद्धत जपानी शाळांमधली, 'जुग्यो केन्क्यू', म्हणजे पाठ-अभ्यास. पाठ सगळ्यांनी मिळून आखायचा, एकाने शिकवायचा, बाकीच्यांनी वर्गात बसून मुलांकडे बघायचं, मग चर्चा करून तोच पाठ सुधारून दुसऱ्या तुकडीवर घ्यायचा.

विषय संभाव्यता, आणि तिच्या निमित्ताने जुगार. हा विषय मीच धरून लावला. माझा एक जुना विद्यार्थी, गणितात कायम नव्वदच्या वर, कॉलेजात गेल्यावर मोबाइलवरच्या सट्ट्यात बुडाला. त्याची आई भेटायला आली तेव्हा तिने त्याची नववीची वही आणली होती. संभाव्यतेचं प्रत्येक उदाहरण बरोबर, खाली माझीच सही. ती वही डोळ्यांपुढून जात नाही.

पाठ असा होता. पिशवीत २० चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर १० मणी, तीन चिठ्ठ्यांवर ३-३ मणी, उरलेल्या १६ कोऱ्या. प्रत्येक मुलाकडे सुरुवातीला २० मणी. एक मणी द्यायचा, चिठ्ठी काढायची, बघून परत टाकायची, असं ३० वेळा. २० खेळांत सरासरी १९ मणी परत येतात, म्हणजे दर खेळाला ०.९५. 'शेवटी सगळे हरतात' हे मुलांना स्वतः दिसेल अशी आमची कल्पना.

झालं भलतंच. ३४ पैकी १३ मुलं चक्क फायद्यात. त्यांनी बाकं बडवली. हरलेल्यांनी विचारलं, "बाई, अजून दहा वेळा खेळू दे ना." भाषेच्या बाईंनी एका मुलाचं वाक्य जसंच्या तसं टिपलंय: "दहाची चिठ्ठी हाताला लागली होती, मी सोडली." सगळ्या चिठ्ठ्या सारख्याच घडी घातलेल्या. कुठली दहाची हे त्याला हाताला कळणं शक्यच नव्हतं.

आणि एक मुलगी. तीन चिठ्ठ्या काढल्या आणि थांबली. मणी ओळीत मांडून तास संपेपर्यंत त्यांच्याकडे बघत बसली. मी शिकवत होते, मला दिसलंच नाही. विज्ञानाच्या सरांनी टिपलं.

दोन आठवड्यांनी हाच पाठ दुसऱ्या तुकडीवर घ्यायचाय. वर्गात खेळ खेळवणंच चुकलं का? त्या मुलीचं काय करायचं? आणि अशा शिकवण्याने मुलांच्या वागण्यात खरंच काही फरक पडतो का, यावर कुणी संशोधन वाचलंय का?

---

दशांशचिन्ह

मुलांचं काही चुकलं नाही, तुमची पिशवीच तसं सांगत होती. दर खेळाला सरासरी तोटा ०.०५ मणी, म्हणजे ३० खेळांत दीड मणी. पण एका खेळातला चढउतार, प्रमाण विचलन, साधारण २.३ मणी आहे. ३० खेळांत तो जवळजवळ १३ मण्यांवर जातो. दीड मण्याचा तोटा त्यात दिसणार कसा? इतक्या कमी खेळांत ४० टक्क्यांच्या आसपास मुलं फायद्यात असणार हे गणितच आहे. तुमच्याकडे ३४ पैकी १३ आली, अगदी बरोबर.

सगळ्या वर्गाची बेरीज केलीत तरी १,०२० खेळ होतात. तिथेही अख्खा वर्ग फायद्यात जायची शक्यता चारात एक. १०,००० खेळांपर्यंत गेलात तर मात्र सरासरी तोटा ५०० आणि चढउतार २३३. तेव्हा ३४ मुलांत फायद्यात राहिलंच तर एखादं. हे हाताने होणार नाही, संगणकावर स्प्रेडशीटमध्ये करा. प्रत्येक मुलाचा स्वतःचा आलेख काढा.

एक प्रश्न जरूर घाला: १०,००० खेळ म्हणजे किती वेळ? सहा सेकंदाला एक खेळ धरला तर तासाला ६०० होतात, म्हणजे १७ तासांच्या आतच. मोठ्या माणसाचे चार-पाच रविवार.

'९५ टक्के परत' याचा अर्थही मुलं चुकीचा घेतात. १०० लावले की ९५ घेऊन घरी जायचं असं त्यांना वाटतं. पण ते ९५ परत लागतात, मग ९०.२५ परत लागतात. १४ फेऱ्यांत निम्म्याहून कमी उरतात. हे फळ्यावर पाच मिनिटांत होतं.

---

फळ्यामागे

वजाबाकी बाई, मी बरीच वर्षं शिक्षकांच्या प्रशिक्षणात आहे. पाठ-अभ्यासाचे बरेच तास मागे बसून पाहिलेत. तुमचा पाठ उलटा पडला असं मी म्हणणार नाही. "मी सोडली" हे वाक्य तुमच्या हाती आलं. एकट्या शिक्षकाला ते आयुष्यभर ऐकू येत नाही, कारण तो फळ्याकडे तोंड करून असतो.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते कडू आहे. कॅनडात विल्यम्स आणि कॉनोली यांनी विद्यापीठातल्या मुलांना जुगाराचं गणित नीट शिकवलं. त्यांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी तपासलं तर मुलांना शक्यता काढता येत होत्या, चुकीचे समजही ओळखता येत होते. त्यांचं जुगार खेळणं मात्र बदललं नव्हतं. तुम्ही सही केलेली वही हेच सांगते. शाळांतल्या कार्यक्रमांवरच्या पुढच्या आढाव्यांमध्येही साधारण हेच दिसतं: माहिती वाढते, समज सुधारतात, आणि वागणं बदललं का हे बहुतेकांनी धड मोजलेलंच नसतं.

म्हणून गणित सोडा असं नाही. गणिताकडून कशाची अपेक्षा करायची ते आधी ठरवा. तुमच्या आखणीच्या कागदावर उद्दिष्ट काय लिहिलं होतं? "मुलांना कळेल की शेवटी सगळे हरतात" असं असेल तर ते निष्कर्षाचं वाक्य झालं, मूल काय करेल याचं नाही. निरीक्षकाला डोळ्यांनी दिसेल असं लिहा. उदाहरणार्थ, "मूल स्वतःच्या शब्दांत सांगेल की पिशवी त्याला का थांबू देत नाही."

निरीक्षणाचं थोडं. टिम्स म्हणजे देशोदेशींच्या गणित-विज्ञान शिक्षणाची तुलना करणारा अभ्यास. त्याच्या १९९५ च्या व्हिडिओ भागात जर्मनी, जपान आणि अमेरिकेतले आठवीचे गणिताचे वर्ग चित्रित झाले, आणि त्यानंतर जपानबाहेर पाठ-अभ्यासाची चर्चा वाढली. बऱ्याच ठिकाणी मात्र फक्त सांगाडा उचलला गेला, आणि निरीक्षक येऊन शिकवणाऱ्याला गुण देऊ लागले. तुम्ही तसं केलं नाही याचा मला मनापासून आनंद झाला. आता एक पायरी पुढे जा. प्रत्येक निरीक्षकाला ठरावीक तीन-चार मुलं द्या. तास संपेपर्यंत नजर त्यांच्यावरच. मदत करायची नाही, उत्तर सुचवायचं नाही. ऐकलेलं वाक्य वेळेसकट लिहायचं. त्या मुलीचा हात कितव्या मिनिटाला थांबला आणि तेव्हा तुम्ही काय बोलत होतात, हे समजलं असतं तर आज अंदाज बांधावे लागले नसते.

चर्चेत शिकवणाऱ्याने आधी बोलावं, आणि "तुमचा पाठ" हा शब्द चौघांनीही टाकून द्यावा. पाठ चौघांचा.

त्या मुलीबद्दल मी घाईने काही सांगत नाही. पण पाठाआधी शाळेच्या समुपदेशकांना कळवलेलं असलं पाहिजे आणि त्या दिवशी त्या उपलब्ध असल्या पाहिजेत. हे आखणीच्या कागदावर पहिल्याच ओळीत हवं.

---

तिसरा_अलार्म

मी शिक्षक नाही. सहा वर्षं खेळलो, सोडून चार वर्षं झाली. अभियांत्रिकी शिकलोय, दशांशचिन्ह यांनी केलेलं गणित मला तेव्हाही येत होतं. खेळताना ते गणित कुठेतरी शेजारच्या खोलीत असतं.

तो मुलगा म्हणाला "हाताला लागली होती". ते वाचून मी फोन खाली ठेवला आणि जरा चालून आलो. माझी सहा वर्षं त्या वाक्यात आहेत. थोडक्यात हुकलं की आतून हरल्यासारखं वाटतच नाही, पुढच्या खेळाचं बोलावणं आल्यासारखं वाटतं. २००९ मध्ये ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी मेंदूचे स्कॅन करून हे पाहिलंय. थोडक्यात हुकणं लोकांना साध्या हरण्यापेक्षा नकोसं वाटत होतं, तरी पुढे खेळायची इच्छा वाढत होती, आणि मेंदूतले जिंकण्याशी जोडलेले भाग जागे होत होते. हा निबंध मी उपचार चालू असताना वाचला. मी मूर्ख नव्हतो हे मला तेव्हा पहिल्यांदा पटलं.

दुसरी गोष्ट, जिंकल्याचा वेष घेतलेलं हरणं. जुगाराच्या मशीनवर एका वेळी चित्रांच्या २० ओळींवर एकेक नाणं लावायचं. आठ परत येतात, बारा गेलेले असतात. पण दिवे लागतात आणि धून वाजते. २०१० च्या एका अभ्यासात खेळणाऱ्यांच्या त्वचेवरच्या घामाची सूक्ष्म मोजणी केली होती. अशा हरण्यावर शरीर जिंकल्यासारखाच प्रतिसाद देत होतं.

म्हणून माझी विनंती अशी की मुलांना गिऱ्हाईक करू नका, पिशवीचे मालक करा. त्यांना सांगा, सरासरी ०.९५ च ठेवायची, पण गिऱ्हाईक उठता कामा नये. चिठ्ठ्या कशा बदलाल? रंग, आवाज, वेग काय ठेवाल? एकदा स्वतः सापळा विणला की तो कुठेही दिसला तरी ओळखू येतो. मला तो कुणी विणून दाखवला नव्हता.

'संयम ठेवा, मर्यादेत खेळा' एवढंच शिकवून थांबू नका, हात जोडून सांगतो. मी हरत गेलो आणि मलाच वाटत गेलं की माझ्यात संयम नाही. त्या लाजेपायी मी दोन वर्षं जास्त लपवलं. २०१३ पासून डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसोपचारात वापरल्या जाणाऱ्या विकारांच्या अधिकृत यादीत, हा विकार दारू आणि इतर पदार्थांच्या व्यसनांच्या शेजारी ठेवलाय. मुलांना हे सांगा. आजार म्हटलं की मदत मागायला तोंड उघडतं.

आता ती मुलगी. ऑस्ट्रेलियातल्या २०१७ च्या एका अभ्यासानुसार गंभीर जुगार खेळणाऱ्या एका माणसाची झळ साधारण सहा जणांना बसते. माझ्या सहांमध्ये माझी पुतणी होती. तिच्या सायकलसाठी साठवलेले पैसे मी उसने म्हणून नेले. ती काही बोलली नाही. नुसती बघत राहिली.

तुमच्या विद्यार्थिनीच्या घरी काय आहे ते मला माहीत नाही, कदाचित काहीच नसेल. तिला वर्गात काही विचारू नका. पण पुढच्या वेळी पाठाच्या आदल्या दिवशी सगळ्या वर्गाला सांगा की उद्या हा विषय आहे, आणि ज्यांना खेळात भाग घ्यायचा नसेल त्यांनी नोंदी ठेवायचं काम मागून घ्यावं, कारण न सांगता. आणि शेवटी सगळ्यांना कोरी चिठ्ठी द्या. सगळ्यांनी काहीतरी लिहायचं, आवडता रंग लिहिला तरी चालेल. सगळेच लिहीत असले की लिहिणारा उठून दिसत नाही.

---

वजाबाकी

उशिरा येतेय, कारण पाठ झाला. परवा दुसऱ्या तुकडीवर घेतला. शिकवलं गणिताच्या सरांनी, मी मागे बसले. माझ्याकडे तीन मुलं होती. १९ वर्षांत मी तीन मुलांकडे सलग ३५ मिनिटं कधी पाहिलं नव्हतं.

चिठ्ठ्या फक्त पाचदा काढायच्या होत्या. मग स्प्रेडशीट, प्रत्येकाची १०,००० खेळांची रेघ. ३३ पैकी ३२ रेघा शून्याच्या खाली, एक वर. मला वाटलं होतं मुलं त्या एका रेघेवर भाळतील. माझ्यासमोरचा मुलगा शेजाऱ्याला म्हणाला, "जाहिरातीत हिलाच दाखवणार." मी वेळ लिहिली, १० वाजून २२ मिनिटं.

मालक होण्याचा भाग सगळ्यांत लांबला आणि सरांनी तो लांबू दिला. एका गटाने दहाची चिठ्ठी काढूनच टाकली आणि अर्ध्या मण्याच्या चिठ्ठ्या भरल्या, "म्हणजे त्याला सारखं काहीतरी मिळत राहील." सरासरी जुळवताना त्यांनी अपूर्णांकांची जी खटपट केली ती माझ्या पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही उदाहरणासाठी त्यांनी केलेली नाही. दुसऱ्या गटाने पिशवीला पारदर्शक खिडकी ठेवली, मोठी चिठ्ठी दिसावी पण हाती लागू नये म्हणून. तिसरा_अलार्म, हे त्यांना कुणी सुचवलं नव्हतं.

काळजीची एक गोष्ट आहे. दोन मुलं सापळा विणण्यात इतकी रंगली की गिऱ्हाईक हरलं की हसत होती. भाषेच्या बाईंनी चर्चेत ते मांडलं. पुढच्या पाठात प्रत्येक गटाने आपल्या गिऱ्हाइकाच्या घरातल्या सहा जणांची यादी करायची आणि मगच पिशवी बनवायची, असा बदल त्यांनी सुचवलाय. मला तो पटला. विज्ञानाच्या सरांच्या मते त्याने पाठ जड होईल. अजून ठरत नाहीये.

पहिल्या तुकडीतही समुपदेशक बाईंना घेऊन गेले आणि सगळ्यांना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. बहुतेकांनी रंग लिहिले. चार चिठ्ठ्यांवर रंग नव्हते. त्या चारही समुपदेशक बाईंकडे आहेत. एक कुणाची असेल हे मला अक्षरावरून कळलं. मी ती वाचली नाही, घडी घातलेलीच त्यांच्या हातात दिली. काल मधल्या सुट्टीत ती मुलगी त्यांच्या खोलीत गेली होती.