नंदेसरीतल्या छोट्या केमिकल युनिटांना पूर्ण विम्याची सक्ती हवी का?

रणोलीकर
मंडळी, सरळ वादाला तोंड फोडतोय. वडोद्याजवळच्या नंदेसरी, रणोली, मकरपुरा या पट्ट्यातल्या छोट्या युनिटांच्या परवानग्यांच्या फायली मी करतो. जीपीसीबीची, म्हणजे गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाची, कारखाना चालवायची संमती नव्यानं काढायची वेळ आली की शेठ एकच कागद पुढे सरकवतात, "पीएलआय आहे ने, लावून टाका." बस, त्यांच्या लेखी विमा झाला.

हा पीएलआय म्हणजे सार्वजनिक दायित्व विमा कायदा, १९९१. भोपाळनंतर आलेला. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त धोकादायक रसायन हाताळणाऱ्या मालकानं काम सुरू करण्याआधीच ही पॉलिसी घ्यायची. अपघात झाला तर बाहेरच्या माणसाला मालकाची चूक सिद्ध न करता कलेक्टरकडून मदत मिळते. प्रीमियमइतकीच रक्कम पर्यावरण मदत निधीतही भरावी लागते. कल्पना उत्तमच. पण मूळ परिशिष्टात मृत्यूला २५ हजार आणि मालमत्तेच्या नुकसानीला जास्तीत जास्त ६ हजार रुपये होते, आणि हे आकडे वर्षानुवर्षं तसेच राहिले.

आता या पॉलिसीत काय नाही ते बघा. तुमचा रिअ‍ॅक्टर नाही, शेड नाही, माल नाही. तुमचा कामगारही नाही, कारण त्याच्यासाठी वेगळा कायदा आहे. म्हणजे स्फोट झाला तर ज्या चार गोष्टी आधी जातात, त्यांतली एकही यात बसत नाही.

माझं म्हणणं असं, की मर्यादेच्या वर साठा असलेल्या प्रत्येक युनिटला संमती देताना तीन गोष्टी तपासाव्यात: पुनर्उभारणीच्या किमतीचा अग्निविमा, ईएसआयबाहेरच्या (राज्य कर्मचारी विम्यात न येणाऱ्या) कामगारांसाठी भरपाईची पॉलिसी, आणि कायद्याच्या पॉलिसीखेरीज बाहेरच्या लोकांच्या नुकसानीसाठी वेगळा पब्लिक लायबिलिटी विमा. नसेल तर संमती नाही. बोला.

नायट्रोवाला
बोलतो. रणोलीकर, तुम्ही फायली करता, आम्ही पगार करतो.

विमा नको असं कोण म्हणतं? पण नायट्रेशन (नायट्रिक अ‍ॅसिडची धोक्याची प्रक्रिया) हा शब्द उच्चारला की निम्म्या विमा कंपन्या कोटेशनच देत नाहीत. जी देते तिचा इंजिनिअर येऊन शिफारशींची यादी हातात ठेवतो: फ्लेमप्रूफ फिटिंग, आग विझवायच्या हायड्रंटची लाईन, पाण्याची टाकी. प्लॉट हजार मीटरचा, टाकी कुठे बांधू, रस्त्यावर? वर प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी. तुम्ही सक्ती करा, मोठ्यांना काहीच फरक पडणार नाही, त्यांच्याकडे त्यासाठी वेगळा विभाग असतो. लहान युनिट मात्र बंद पडेल आणि तोच माल कोणीतरी विनापरवाना गाळ्यात बनवेल. तिथे कुठली पॉलिसी तपासणार?

आणि संमतीत आणखी एक अट घातली की आणखी एक टेबल वाढतं. ते टेबल काय मागतं ते इथे लिहायला नको.

मांजलपूरचे काका
नायट्रोवाला, भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट पुढच्या करातून वळतं करून मिळतं, ते रडगाणं तेवढं बाजूला ठेवा. बाकीचं रास्त आहे.

मी उमेदीची सगळी वर्षं नुकसानीचे सर्व्हे करण्यात घालवली, म्हणून सांगतो. सक्ती असो नसो, असलेला अग्निविमासुद्धा बहुतेकांचा चुकीच्या आकड्यावर असतो. सीए ताळेबंदातली घसारा वजा केलेली किंमत देतो, बँकेला आपल्या कॅश क्रेडिटपुरता स्टॉक सुरक्षित हवा असतो, आणि पॉलिसी त्यावर निघते. समजा प्लँट आज पुन्हा उभा करायला ४ कोटी लागतील आणि विमा २ कोटींचा आहे. आगीत ६० लाखांचं नुकसान झालं. शेठला वाटतं, विमा २ कोटींचा, म्हणजे ६० चे ६० मिळणार. मिळतात ३०. जितका विमा कमी, तितक्या प्रमाणात क्लेम कमी. एप्रिल २०२१ पासून ५ कोटींपर्यंतच्या जोखमीला भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि ५० कोटींपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा या ठरावीक अग्निविमा पॉलिसी आहेत. त्यांत १५ टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ असते. पण इथे कमतरता निम्म्याची असते हो! शिवाय पॉलिसीवर बँकेचं कलम असतं, म्हणजे आलेले ३० लाखही आधी बँकेकडे जातात.

दुसरी गोष्ट याहून वाईट. जॉबवर्कवाली युनिटं दर हंगामाला प्रॉडक्ट बदलतात. पॉलिसीच्या अटीत स्पष्ट असतं, की धंद्याचं स्वरूप बदलून जोखीम वाढली आणि विमा कंपनीची संमती घेतली नाही, तर संरक्षण थांबतं. पॉलिसीत 'मिक्सिंग आणि पॅकिंग' लिहिलेलं आणि आत नायट्रेशन चाललेलं. मग क्लेम नाकारला की विमा कंपनी चोर ठरते.

नायट्रोवाला
काका, प्रॉडक्ट बदललं की संमतीत दुरुस्ती मागायला जातो, ती यायला महिने जातात. ऑर्डर तोवर थांबत नाही. कागदाची वाट पाहिली तर गिऱ्हाईक अंकलेश्वरला जातं.

मांजलपूरचे काका
संमतीचं मी काही करू शकत नाही. विमा कंपनीला मात्र एक ईमेल पुरतो. प्रीमियम थोडा वाढेल, एन्डॉर्समेंट (पॉलिसीतली दुरुस्ती) येईल. तेवढंही कोणी करत नाही, आणि याला सरकारचं टेबल जबाबदार नाही.

सेफ्टी_वडोदरा
माझा दोघांनाही विरोध आहे. विम्याच्या सक्तीनं अपघात कमी होतात ही समजूतच मुळात चुकीची. त्याच पैशात रप्चर डिस्क (दाब वाढला की फुटून तो सोडणारी चकती) बसवा, स्क्रबर (वायू धुऊन काढणारं यंत्र) दुरुस्त करा, कूलिंग गेलं तर रिअ‍ॅक्शन कशी थांबवायची याचा सराव करा. १९८९ च्या धोकादायक रसायन नियमांत सेफ्टी रिपोर्ट आणि ऑनसाइट प्लॅन (कारखान्याच्या आतला आपत्कालीन आराखडा) आहेत, १९९६ च्या नियमांत जिल्हा पातळीवरचा आपत्कालीन गट आहे. ते नीट पाळले तर पुष्कळ झालं. माझ्या पाहण्यात असे मालक आहेत, जे 'विमा आहे' म्हणून अलार्मची बॅटरी बदलत नाहीत.

आणि रणोलीकर, तुमच्या यादीत बॉयलर आणि प्रेशर व्हेसल कुठे आहे? साध्या अग्निविम्यात बॉयलर स्वतःच फुटला तर त्याचं स्वतःचं नुकसान धरत नाहीत, त्याची पॉलिसी वेगळी. म्हणजे तुम्ही सक्ती केलेल्या पॉलिसीतही आमच्या धंद्यातला खरा धोका बाहेरच.

रणोलीकर
मुद्दा घेतला, बॉयलर यादीत घाला. पण रप्चर डिस्क हवी म्हणून विमा नको, हे काही पटलं नाही. विमा कंपनीचा इंजिनिअर नायट्रोवालांकडे जी यादी देऊन गेला, तेच तर तुमचं सेफ्टी ऑडिट आहे, आणि ते फुकट झालं.

कोयलीची_सून
तुमचं सगळं बोलणं शेड आणि स्टॉकभोवती फिरतंय म्हणून लिहिते. आम्ही कुंपणाच्या बाहेर राहतो.

२ जून २०२२ ला नंदेसरीत आग लागली तेव्हा आसपासच्या वस्त्यांतल्या शेकडो लोकांना रातोरात हलवलं. ११ नोव्हेंबर २०२४ ला कोयलीच्या रिफायनरीत बेंझीनची टाकी पेटली, दोन माणसं गेली. आमच्या खिडक्या हादरतात तेव्हा पॉलिसीवर किती आकडा आहे हे आम्हाला कुणी सांगत नाही. आमच्या आळीत एकालाही ठाऊक नव्हतं, की पीएलआयखाली कलेक्टरकडे अर्ज करता येतो, त्याला ५ वर्षांची मुदत असते, आणि तो अर्ज केला म्हणून दुसऱ्या कायद्याखालची भरपाई बुडत नाही, फक्त मिळालेली रक्कम त्यातून वजा होते.

आणखी एक. हा कायदा अचानक झालेल्या अपघाताचा आहे. विहिरीचं पाणी हळूहळू लाल झालं तर? तो अपघात नाही, म्हणून विमाही नाही. त्यासाठी एनजीटीकडे, म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जा, वकील करा. विशाखापट्टणमला मे २०२० मध्ये स्टायरीन हे विषारी रसायन गळलं तेव्हा एनजीटीनं कंपनीला ५० कोटी भरायला लावले. ती कंपनी मोठी होती, तिनं भरले. हजार मीटरच्या प्लॉटवाला काय भरणार? म्हणून मला रणोलीकरांची तिसरी पॉलिसी सगळ्यात महत्त्वाची वाटते. पहिल्या दोन मालकाच्या सोयीच्या आहेत, त्या त्यानं घ्याव्यात नाहीतर न घ्याव्यात.

सेफ्टी_वडोदरा
ताई, कामगारांची पॉलिसी मालकाच्या सोयीची कशी? २१ हजारांवर पगार असलेला शिफ्ट सुपरवायझर ईएसआयमध्ये येत नाही. रिअ‍ॅक्टरपाशी सगळ्यात जवळ तोच उभा असतो.

कोयलीची_सून
बरोबर. दुसरीही सक्तीत घ्या. शेडचा विमा मात्र शेठचा शेठनं बघावा.

नायट्रोवाला
ताईंच्या दोन पॉलिसी मला मान्य आहेत, आश्चर्य वाटेल. बाहेरच्या माणसाला माझ्यामुळे इजा झाली तर पैसे कुठून आणायचे ही चिंता मलाही झोपू देत नाही. पण मग पूर्ण इस्टेटची एकत्र पॉलिसी का नको? नंदेसरीचं सांडपाणी एकत्रित प्रक्रिया केंद्रात जातं, तिथे आम्ही सगळे खर्च वाटून घेतो. तसंच असोसिएशननं कोटेशन मागवलं तर एकट्यादुकट्याला नाही म्हणणारी कंपनी टेबलावर येईल. सक्ती व्यक्तीवर नको, वसाहतीवर करा.

मांजलपूरचे काका
कल्पना ऐकायला गोड आहे. अडचण ही, की एकानं शिफारशी धाब्यावर बसवल्या तर पुढच्या वर्षी सगळ्यांचा दर चढतो. शेजाऱ्याच्या वायरिंगसाठी तुम्ही जास्त पैसे भरायला तयार आहात का? असोसिएशनच्या सभेत हा प्रश्न विचारा, अर्धी सभा उठून जाईल. कायद्याची पीएलआय तर तशीही प्रत्येक मालकाची स्वतंत्रच राहणार. वरची ऐच्छिक पॉलिसी गटानं घेता येईल, पण शिफारशी न पाळणाऱ्याला गटातून काढायचा अधिकार आधी लिहून घ्या.

रणोलीकर
काढायचा अधिकार लिहिला, तर काढलेल्याची संमती जीपीसीबीनं थांबवायला हवी. म्हणजे फिरून सक्तीच आली की नाही?

नायट्रोवाला
आली. पण ती आमच्या हातची. ते टेबल मला चालेल.

सेफ्टी_वडोदरा
मला नाही चालणार. असोसिएशनमध्ये कोण कोणाचा मेहुणा आहे हे अख्ख्या नंदेसरीला माहीत आहे. तपासणीला बाहेरचाच माणूस हवा.