अपोलो मूळचा उत्तरेचाच असेल तर?

स्वीडनचा सतराव्या शतकातला राजा अकरावा कार्ल याला ग्रीक देव अपोलो म्हणून रंगवणं ही निव्वळ फ्रान्सच्या चौदाव्या लुईची नक्कल (तोही स्वतःला अपोलो म्हणून मिरवायचा), असं काही जण म्हणतात. नक्कल थोडीफार आहेच. दरबारी चित्रकार एरेनस्ट्रालचं ते चित्र १६७० चं, राजा अजून मिसरूड न फुटलेला पोरगा, आणि चित्रकारही मूळचा हॅम्बुर्गचा, इटलीत शिकून आलेला. त्याआधी स्वीडनची क्रिस्तिना राणी चित्रांत मिनर्व्हा, म्हणजे रोमन विद्यादेवी, झाली होतीच. फाल्कच्या १६४९ च्या कोरीव चित्रात ती शिरस्त्राण घालून आहे, सोबत घुबड आणि पुस्तकं.

पण स्वीडिश दरबाराला हे देव परके वाटत नव्हते, गंमत तिथेच आहे. १६१७ मध्ये राज्याभिषेकाच्या खेळांत राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ हा गॉथांचा (स्वीडिश लोक ज्यांना आपले पूर्वज मानत त्या प्राचीन लोकांचा) पुराणराजा बेरिक बनून उतरला होता. पुढे स्वीडनमधल्या उप्सालाच्या ओलोफ रुडबेक या विद्वानाने कहरच केला. १६७९ पासून निघालेल्या 'अटलांटिका'त त्याने प्लेटोने वर्णन केलेलं, समुद्रात बुडालेलं अटलांटिस म्हणजे स्वीडनच, आणि ग्रीक देवांचं मूळही इकडचंच, असं ठोकून दिलं. त्यातल्या एका चित्रात रुडबेक, जो मुळात शरीरशास्त्रज्ञ, नकाशाचं चक्क शवविच्छेदन करतोय. वरची कातडी सोलली की खाली स्वीडन! आणि बघायला प्लेटो, ॲरिस्टॉटल, टॉलेमी गोळा झालेत. (ताजमहाल मूळचा हिंदू मंदिरच म्हणणाऱ्या पु. ना. ओकांची आठवण झाली, इलाज नाही.)

उत्तरेचे खरे जुने देव ओडिन-थॉर मात्र या दरबारी चित्रांत फारसे सापडणार नाहीत. त्यांचे दिवस आले १९ व्या शतकात. स्वीडिश शिल्पकार फोगेलबर्गने त्यांचे मोठे पुतळे घडवले ते रोममध्ये राहून, आणि ठेवण बघाल तर पुन्हा ग्रीकच.