दस्तऐवजीकरणाची पुल रिक्वेस्ट महिनाभर पडून आहे. चूक कोठे झाली?

प्रश्न

नमस्कार. मी व्यवसायाने तांत्रिक लेखिका असून दोन महिन्यांपासून एका मुक्तस्रोत प्रकल्पाच्या (नाव मुद्दाम देत नाही) दस्तऐवजीकरणाला हातभार लावण्याचा प्रयत्न करीत आहे. इन्स्टॉलेशनची पाने जुनी झाली होती आणि त्यांतील काही आज्ञा (कमांड) तर आता चालतच नाहीत, म्हणून मी ती नऊ पाने नव्याने लिहिली, भाषा एकसारखी केली, क्रम बदलला आणि सगळे मिळून एकच पुल रिक्वेस्ट (बदल प्रकल्पात घेण्याची विनंती) पाठवली. महिना उलटला तरी कोणाचाही अभिप्राय नाही. त्याच काळात कोडच्या दुरुस्त्या मात्र दोन-दोन दिवसांत मर्ज झाल्या, म्हणजे स्वीकारून प्रकल्पात सामावल्या गेल्या. चॅटवर एका डेव्हलपरने ‘बदल फार मोठा आहे’ एवढेच लिहिले. लेखनाची तेथे किंमत नाही असे समजावे, की माझीच पद्धत चुकली?

उत्तर १

किंमत नाही असे वाटत नाही. कोड ठेवण्याचे संकेतस्थळ असलेल्या गिटहबच्या २०१७ च्या पाहणीत ९३ टक्के लोकांनी अपुरे किंवा कालबाह्य दस्तऐवजीकरण ही नेहमीची अडचण असल्याचे नोंदवले होते, आणि योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांनी आपण त्यात क्वचितच किंवा कधीच भर घालत नाही, हेही कबूल केले होते. गरज सर्वांना पटते, तपासायला बसणारा माणूस मिळत नाही. कोड मोडला तर बऱ्याचदा स्वयंचलित चाचण्याच ते सांगतात. गद्यातील प्रत्येक आज्ञा मात्र कोणाला तरी स्वतः चालवून पाहावी लागते. तुमच्या रिक्वेस्टमध्ये वस्तुस्थितीच्या दुरुस्त्या, शैली आणि क्रम हे तिन्ही मिसळल्यामुळे मुळात चुकीचे काय होते, हे डिफ (जुन्या-नव्या मजकुरातील फरक) पाहून कळणारच नाही. न चालणाऱ्या आज्ञा तेवढ्या वेगळ्या काढून पाठवा. क्रमाचा विषय आधी इश्यू (प्रकल्पाच्या पानावरील चर्चेची नोंद) उघडून मांडा.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे, पण भाषा एकसारखी करण्याबाबत एक गोष्ट लक्षात घ्यावी. मी लिब्रेऑफिस या मुक्तस्रोत ऑफिस-सॉफ्टवेअरच्या मराठी अनुवादात थोडेफार काम केले आहे. तेथे अनुवाद वेबलेट या ऑनलाइन साधनावर पीओ फाइलींच्या (मूळ वाक्य आणि त्याचे भाषांतर जोडीने ठेवणाऱ्या) रूपाने चालतो. पीओचा स्वभाव असा, की मूळ इंग्रजी वाक्यात एक शब्द जरी बदलला तरी त्याचे भाषांतर ‘फझी’ (शंकास्पद) ठरू शकते, आणि कोणी पुन्हा तपासेपर्यंत वाचकाला तेथे इंग्रजीच दिसते. केवळ कानाला बरे वाटावे म्हणून फिरवलेले वाक्य अशा रीतीने पंचवीस भाषांतील लोकांना कामाला लावते. तुमच्या प्रकल्पात अनुवादक असतील तर त्यांना आधी विचारलेले बरे.

उत्तर ३

छोट्या तुकड्यांचा सल्ला मला निम्माच मान्य आहे. मांडणीच चुकली असेल तर तुकड्यातुकड्यांनी दुरुस्त केलेल्या डॉक्सची गोधडी होते. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचे दस्तऐवजीकरण पूर्वी लाटेक या मांडणी-पद्धतीत होते. २००८ मधील २.६ आवृत्तीच्या वेळी ते स्फिंक्स या दस्तऐवजीकरणाच्या साधनावर आणले गेले, आणि लिनक्स कर्नलनेही (लिनक्सचा गाभा) २०१६ पासून डॉकबुक हे जुने स्वरूप सोडत तीच वाट धरली. असे बदल मोठेच असतात, पण त्यांच्याआधी ईमेल-यादीवर उघड चर्चा होते आणि ती पुढे कोणालाही शोधून वाचता येते. तुमच्या प्रकरणात मला खटकले ते हे, की ‘बदल फार मोठा आहे’ हे चॅटवर सांगितले गेले. चॅटमधील बोलणे आठवड्यात वर सरकून जाते. त्या डेव्हलपरला तेच वाक्य रिक्वेस्टखाली लिहिण्याची विनंती करा, म्हणजे पुढच्या लेखकाला तरी कारण सापडेल.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आभारी आहे. आज्ञांच्या चार दुरुस्त्या परवा वेगवेगळ्या पाठवल्या. दोन त्याच संध्याकाळी मर्ज झाल्या. तिसरीवर ‘ही कोणत्या वितरणावर चालवून पाहिली?’ (म्हणजे लिनक्सच्या कोणत्या प्रकारावर) असा प्रश्न आला आहे आणि माझ्याकडे फक्त उबुंटू आहे. येथे कोणाकडे फेडोरा असल्यास ती एक आज्ञा चालवून, आलेला संदेश तेथेच नोंदवाल का?