ओल्या ओंडक्याचे वजन

फोर्कलिफ्ट (पुढच्या दोन काट्यांवर ओझे उचलणारे वाहन) मागे घेणे आणि वळवणे जमले की तिचा चालक तयार झाला, असे काही जण म्हणतात. मागची चाके वळत असल्यामुळे शेपटाचा, म्हणजे यंत्राच्या मागच्या भागाचा, झोक सांभाळणे आलेच पाहिजे, हे मान्य. पण सॉ मिलमध्ये खरी फसगत वजनाच्या अंदाजात होते. यंत्रावरील पाटीवर लिहिलेली ३ टनांची क्षमता ही बहुधा भाराचा मध्य काट्यांच्या उभ्या बाजूपासून ५०० मिलिमीटरवर असतानाची असते, आणि ताज्या ओंडक्यात कधीकधी कोरड्या लाकडाच्या वजनाइतकेच पाणी असते, हे नव्या चालकाला कुणी सांगतच नाही.

आमच्याकडे मी पहिल्याच दिवशी एकाच मापाच्या फळ्यांच्या दोन थप्प्या, एक भट्टीत वाळवलेली आणि एक ओली, दोन्ही क्षमतेच्या आतल्याच, जमिनीपासून वीतभर उचलायला लावतो. ओली थप्पी उचलताना मागची बाजू हलकी पडल्याचे चालकाला बसल्या जागी जाणवते. (वहीत लिहून घेतलेले आकडे मात्र आठवड्यात विसरले जातात.) यंत्र कलंडू लागल्यास उडी न मारता पट्टा बांधूनच बसून राहायचे, ही सवयही त्याच दिवशी लावतो.